बंद झालेल्या बॅकएंडमधून झोन बाहेर कसे काढायचे

सांगलीत माझ्याकडे तीसेक जणांचे डोमेन सांभाळायला आहेत. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तासगावचे दोन बेदाणा व्यापारी, पतसंस्था, एक कॉलेज, कुपवाड एमआयडीसीतले काही कारखाने. डोमेन नेम सर्व्हर (नाव विचारलं की त्याचा पत्ता सांगणारं मशीन) म्हणजे काय, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. सौदे सुरू व्हायच्या आधी मेल आले पाहिजेत, एवढंच त्यांचं मागणं, आणि ते रास्त आहे.

हा लेख त्यांच्यासाठी नाही. जिन्याखाली किंवा कपाटामागे एखादं जुनं मशीन अजून चालू आहे, त्यावर २.९ किंवा ३ मालिकेतला पॉवरडीएनएस, म्हणजे डोमेन नेम सर्व्हरचा प्रोग्राम, आहे, आणि ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा’ असं म्हणत ज्यांनी आठ-दहा वर्षं काढली आहेत, त्यांच्यासाठी आहे. मीही ते म्हणत होते. त्याची किंमत काय पडते ते पुढे येईलच.

एक आधी सांगते. कमांडची आणि डेटाबेसच्या तक्त्यांची नावं मी इथे देवनागरीत, फोनवर आमच्या मुलांना सांगते तशीच लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

नक्की काय बंद झालं

बाइंड हा असाच दुसरा प्रोग्राम. तो मुळात झोन फायली वाचतो, म्हणजे एकेका डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या फायली. पॉवरडीएनएसची घडण वेगळी. प्रश्न घेणारा आणि उत्तर देणारा भाग एकीकडे, नोंदी जिथे राहतात तो साठा दुसरीकडे. या साठ्याशी बोलणाऱ्या तुकड्याला बॅकएंड म्हणतात. ही सोय मोठी होती. ज्याच्याकडे जो डेटाबेस होता त्याने तो जोडला, आणि त्या उत्साहात बॅकएंडही भरपूर जन्माला आले. काहींना पुढे कोणी वाली उरला नाही. तपासायला मशीन नाही, दुरुस्त करायला माणूस नाही, असा कोड कोणताही शहाणा प्रकल्प काढूनच टाकतो. ते बरोबरच आहे. उत्तर चुकीचं देणाऱ्या सर्व्हरपेक्षा सुरूच न होणारा सर्व्हर बरा.

२०१६ साली ४.० आलं तेव्हा जिओ आणि जुना एलएमडीबी हे दोन बॅकएंड गेले. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ऑरेकलचे दोन्ही, म्हणजे साधा ऑरेकल आणि जी-ऑरेकल, शिवाय मायडीएनएस, ओपनडीबीएक्स आणि पहिला लुआ हे गेले. एसक्यूलाइट २ साठीचा जी-एसक्यूलाइटही आता नाही. राहिलेल्यांत आपल्या कामाचे म्हणजे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट ३, नवा एलएमडीबी, ओडीबीसी, आणि बाइंडच्या पद्धतीच्या साध्या झोन फायली.

नावांवरून फसू नका. पीडीएनएस डॉट कॉन्फ ही फाइल उघडा आणि ‘लाँच’ ही ओळ शोधा. तिथे जी-एसक्यूलाइट असेल आणि पुढे ३ चा आकडा नसेल, तर तुमचा डेटा एसक्यूलाइट २ मध्ये आहे. जिओ आणि जिओआयपी, लुआ आणि लुआ-टू, यांच्यातही एवढाच अक्षराचा किंवा आकड्याचा फरक. त्यातला एक मेलेला असतो, दुसरा जिवंत. एलएमडीबीचं तर नावही तेच आहे. ४.० मध्ये गेलेला वेगळा, ४.२ मध्ये आलेला वेगळा, आतली मांडणी पूर्ण निराळी. जुन्या एलएमडीबीची फाइल नव्याला नुसती दाखवून काही होत नाही.

एसक्यूलाइटची खात्री फाइलवरूनही होते. फाइलचे पहिले काही बाइट हेड कमांडने पाहा. आवृत्ती २ ची फाइल स्वतःच सांगते की ‘या फायलीत एसक्यूलाइट २.१ चा डेटाबेस आहे’. आवृत्ती ३ ची फाइल ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ या शब्दांनी सुरू होते. आवृत्ती ३ आली २००४ मध्ये, आणि दोन्हींच्या फायली एकमेकींना वाचता येत नाहीत. २००४ नंतर कितीतरी वर्षं लोकांनी नवे सर्व्हर आवृत्ती २ वरच उभे केले, कारण ज्या टिपणावरून शिकले त्यात तेच लिहिलं होतं. माझा पहिला सर्व्हरही तसाच उभा राहिला.

उतरण्याआधी

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खणलेली, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हवा नसल्याने हळदीला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. पण पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही. तोंड मोकळं ठेवतात, आत हवा खेळू देतात, दिवा सोडून तो विझत नाही ना हे बघतात, मग उतरतात. माझे वडील यार्डात दिवाणजी होते. त्यांच्या तोंडून हे इतक्या वेळा ऐकलं की जुन्या सर्व्हरला हात लावताना मला तेच आठवतं.

आपल्या कामात याचा अर्थ असा, की जुन्या मशीनवर पहिल्या दिवशी काहीही बदलायचं नाही. अपग्रेड नाही, पॅकेज नाही, रीस्टार्टसुद्धा नाही. आधी प्रत घ्या. डेटाबेसची फाइल किंवा डंप (त्यातला सगळा डेटा मजकुरात काढलेली फाइल), पीडीएनएस डॉट कॉन्फ, आणि पॉवरडीएनएसचा चालता प्रोग्राम, तोही त्याच्या लायब्ररींसह. प्रोग्राम जपायचं लोक विसरतात. डेटा हातात आहे पण तो वाचणारं कुणी नाही, ही वेळ माझ्यावर आली आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. एका संस्थेचं ऑफिस तळमजल्यावर होतं. तिथल्या शिपाईमामांनी दप्तराची कपाटं वर नेली, कॉम्प्युटर नेले, पण जिन्याखालची ती काळी पेटी काय आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. पाणी ओसरल्यावर पेटीत गाळ. बॅकअप माझ्या घरी होता, रोज रात्री येणारी एसक्यूलाइटची एक फाइल. मी निर्धास्तपणे नवं मशीन लावलं, नवा पॉवरडीएनएस टाकला, फाइल ठेवली, आणि सर्व्हर सुरूच होईना. फाइल आवृत्ती २ ची होती.

शेवटी डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहातून त्या काळची इमेज उतरवून घेतली, ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवली, आणि आत जुनं एसक्यूलाइट बसवलं. मग रस्ता सोपा होता. जुन्या एसक्यूलाइटला डॉट-डंप म्हणायचं, जो मजकूर बाहेर येतो तो पाइपने एसक्यूलाइट ३ ला द्यायचा. हे दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांपर्यंत पोचायला अडीच दिवस गेले. तेवढे दिवस संस्थेच्या सभासदांचे मेल परत जात राहिले, आणि त्यांतल्या काहींची घरंच पाण्यात होती. तो फोन अजून कानात आहे: “ताई, लोक पैशासाठी विचारायलेत, मेल कधी सुरू होणार?”

तर, जुना सर्व्हर जिवंत आहे तोवरच काम उरका. या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. साठा कितीही जुना असो, चालता सर्व्हर तो वाचू शकतो आणि डीएनएसच्या भाषेत बाहेर देऊ शकतो. ती भाषा गेल्या चाळीस वर्षांत फारशी बदललेली नाही.

तक्त्यांतून नको, तारेवरून न्या

बहुतेकांचा पहिला विचार असतो तो म्हणजे जुन्या तक्त्यातून नव्या तक्त्यात नोंदी ओतणारी स्क्रिप्ट लिहायची. मीही लिहिल्या आहेत. आता लिहीत नाही. मी नव्या सर्व्हरला काही दिवस जुन्याचा सेकंडरी, म्हणजे त्याच्याकडून नोंदी घेणारा दुय्यम, करते आणि एएक्सएफआरने, म्हणजे पूर्ण झोन एका दमात मागून, सगळं ओढून घेते. जुन्या बॅकएंडच्या खोडी, नावांमागचे टिंब, प्राधान्याचा वेगळा रकाना, हे सगळं जुना सर्व्हर स्वतःच निस्तरतो आणि बाहेर येतात त्या स्वच्छ नोंदी.

नव्या मशीनवर ताजा पॉवरडीएनएस, रिकामा डेटाबेस, आणि तक्ते त्याच आवृत्तीसोबत आलेल्या स्कीमा (तक्त्यांच्या रचनेच्या) फायलीतून बनवलेले. जुनी स्कीमा इकडे आणू नका. जुन्या मशीनवर ‘अलाव-एएक्सएफआर-आयपीज’ या ओळीत नव्या मशीनचा पत्ता घाला, आणि ‘डिसेबल-एएक्सएफआर’ चालू नाही ना ते पाहा. यासाठी एकदा रीस्टार्ट करावा लागेल. प्रत आधी घ्यायला सांगितली ती म्हणूनच.

एएक्सएफआर टीसीपीवरून जातो, साधे प्रश्न सहसा यूडीपीवरून. नेटवर माहिती पाठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती. आपल्याकडच्या कितीतरी राउटरवर ५३ नंबरचं पोर्ट फक्त यूडीपीसाठी उघडलेलं असतं. साधे प्रश्न चालतात, झोन येत नाही, आणि माणूस तासभर कॉन्फिगरेशन चाळत बसतो. आधी नव्या मशीनवरून डिग कमांडने एएक्सएफआर मागून बघा. पडद्यावर झोन उमटला, पहिली आणि शेवटची ओळ एसओए (झोनची मुख्य नोंद) दिसली, की रस्ता मोकळा.

मग नव्या बाजूला सेकंडरी चालू करा. जुन्या आवृत्त्यांत या सेटिंगला स्लेव्ह म्हणत, नव्यांत सेकंडरी. पीडीएनएस-युटिलने प्रत्येक झोन सेकंडरी म्हणून तयार करा, जुन्या मशीनचा पत्ता द्या, आणि पीडीएनएस-कंट्रोलला रिट्रीव्ह म्हणा. तीस झोन असतील तर यादी फायलीत घेऊन लूप फिरवा. माझ्याकडे हे सगळं चहा गार व्हायच्या आत झालं होतं.

एक दुसरी वाटही आहे. पीडीएनएस-युटिलमध्ये बी-टू-बी-मायग्रेट नावाची सोय आहे. लाँचच्या ओळीत जुना आणि नवा दोन्ही बॅकएंड लिहायचे, आणि ती एका साठ्यातून दुसऱ्यात झोन नेते, सह्यांच्या किल्ल्या आणि मेटाडेटा (झोनची सेटिंग) यांसकट. अट एकच, पण अवघड. त्या आवृत्तीत दोन्ही बॅकएंड जिवंत असले पाहिजेत. म्हणजे ऑरेकलमधून पोस्टग्रेसमध्ये जायचं तर ऑरेकल अजून काढलेला नव्हता अशी मधली आवृत्ती उभी करायची, तिथे बदली करायची, आणि मग पोस्टग्रेस घेऊन आजच्या आवृत्तीवर यायचं. झोन पन्नासच्या वर आणि बरेचसे सही केलेले असतील तर ही खटपट परवडते. नाहीतर एएक्सएफआर.

एएक्सएफआर काय आणत नाही

तारेवरून येतं ते फक्त जगाला दिसतं तेवढंच. ‘डिसेबल्ड’ करून ठेवलेल्या नोंदी येत नाहीत. कॉमेंट्सच्या तक्त्यातल्या टिपा येत नाहीत. माझ्या एका कारखान्याच्या झोनमध्ये कुठली नोंद कोणत्या व्हेंडरसाठी आहे हे कॉमेंट्समध्येच लिहिलेलं होतं. जुन्या डंपमधून ते काढून मी झोनशेजारी एका साध्या मजकुराच्या फायलीत ठेवलं. टीसिगच्या (सर्व्हरांनी एकमेकांना ओळखायच्या) किल्ल्या आणि डोमेन-मेटाडेटाही हातानेच आणावं लागतं.

डीएनएससेक, म्हणजे नोंदींवर डिजिटल सही, वापरत असाल तर इथे थांबून नीट वाचा. सही केलेला झोन सेकंडरीवर आला की पॉवरडीएनएस त्याला ‘प्रीसाइन्ड’ अशी खूण करतो. म्हणजे सह्या मी करत नाही, आलेल्या तशाच देतो. तुम्ही त्याच झोनला उद्या प्रायमरी (मूळ नोंदी इथेच, असा) केलंत आणि खूण तशीच राहिली, तर काही दिवस सगळं सुरळीत दिसेल. मग जुन्या सह्यांची मुदत संपेल आणि पडताळणी करणाऱ्या रिझॉल्व्हरांसाठी (लोकांच्या वतीने नावं विचारणाऱ्या सर्व्हरांसाठी) तुमचं डोमेन एकाएकी नाहीसं होईल. म्हणून जुन्या मशीनवरून झोनच्या खाजगी किल्ल्या एक्स्पोर्ट करा, नव्यावर इम्पोर्ट करा, ‘अनसेट-प्रीसाइन्ड’ करा, आणि झोन रेक्टिफाय करा (सह्यांसाठी लागणारे रकाने सर्व्हरकडून नव्याने भरून घ्या). किल्ल्या त्याच राहिल्या तर रजिस्ट्रारकडची (जिथे डोमेन नोंदवलं तिथली) डीएस नोंद, म्हणजे किल्लीची खूण, बदलावी लागत नाही. खाजगी किल्ली मेलने पाठवू नका, पेनड्राइव्हवर ठेवून विसरू नका.

तिसरी गोष्ट सीरियलची, म्हणजे झोन बदलला की वाढणाऱ्या आकड्याची. जुन्या आवृत्त्यांत एसओएचा सीरियल शून्य ठेवला की सर्व्हर ‘चेंज-डेट’ रकान्यातली सगळ्यात मोठी वेळ बघून सीरियल स्वतः ठरवायचा. ही सोय ४.२ मध्ये काढली. त्यामुळे तक्ता जसाच्या तसा उचलून आणला तर सीरियल खरोखरच शून्य होतो, आणि तुमचे इतर सेकंडरी ‘आपल्याकडचं नवं आहे’ असं समजून गप्प बसतात. एएक्सएफआरने आणलात तर हिशोब केलेला आकडा येतो. तो युनिक्सच्या सेकंदांत असेल तर १७० कोटींच्या आसपास दिसेल. तारखेच्या पद्धतीचा, म्हणजे २०२४०१०१०१ सारखा आकडा त्याहून मोठा असतो, म्हणून सेकंदांकडून तारखेकडे जाणं बिनधोक. उलट जाऊ नका.

जुना सर्व्हर मेला असेल तर

मग तक्त्यांतूनच काढावं लागतं, दुसरा इलाज नाही. एसक्यूलाइट २ चं वर सांगितलं. त्याचे तक्ते आजच्या पॉवरडीएनएसच्या तक्त्यांचेच पूर्वज आहेत, डोमेन्स आणि रेकॉर्ड्स. डंप झाल्यावर नव्या स्कीमात फक्त जुळणारे रकाने भरा. ओपनडीबीएक्सचंही साधारण तसंच, कारण तो स्वतः डेटाबेस नव्हताच. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, फायरबर्ड अशा अनेकांशी एकाच तऱ्हेने बोलणारी ती मधली लायब्ररी होती. तुमचा खरा डेटा तिच्या मागच्या डेटाबेसमध्ये सुखरूप आहे. लाँचच्या खालच्या ओळींत त्याचं नाव सापडेल.

मायडीएनएस मात्र वेगळ्या घराण्यातला. तिथे दोन तक्ते: एसओए आणि आरआर. एसओएमध्ये ओरिजिन (झोनचं नाव), एनएस, एमबॉक्स, सीरियल हे सुटे रकाने, तर पॉवरडीएनएसमध्ये एसओए ही रेकॉर्ड्समधलीच एक ओळ आणि सगळे आकडे एकाच मजकुरात ओळीने. मायडीएनएसमधलं नाव टिंबाने संपत नसेल तर ते अपुरं, त्यामागे ओरिजिन जोडायचा. टिंबाने संपत असेल तर पूर्ण. पॉवरडीएनएसच्या तक्त्यात नाव नेहमी पूर्ण आणि शेवटचं टिंब नाही. हाच नियम डेटा रकान्याला लावायचा राहून जातो. एमएक्सच्या (मेल कुठे द्यायचा ते सांगणाऱ्या नोंदीच्या) डेटात नुसतं ‘मेल’ लिहिलेलं असेल आणि तुम्ही ओरिजिन जोडला नाहीत, तर जगभरचे सर्व्हर ‘मेल’ नावाचं यंत्र शोधत बसतील. ऑक्स रकाना म्हणजे एमएक्सचं प्राधान्य, तो प्रायो रकान्यात जातो.

ऑरेकलची खोड अशी की तो रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) आणि नल (काहीच भरलेलं नाही) यांत भेद करत नाही. पॉवरडीएनएसच्या ‘ऑर्डरनेम’ रकान्यात हा भेद अर्थपूर्ण आहे. झोनच्या शिखरावरच्या नावाचा ऑर्डरनेम रिकामा असतो, नल नव्हे. म्हणून ऑरेकलमधून काढलेला तो रकाना आणि ‘ऑथ’चा रकाना सोडूनच द्या. नोंदी भरून झाल्यावर ‘रेक्टिफाय-ऑल-झोन्स’ चालवलं की सर्व्हर दोन्ही नव्याने भरतो.

मायएसक्यूएलकडून पोस्टग्रेसकडे जाणाऱ्यांसाठी एक. मायएसक्यूएल सहसा लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे कुणीतरी कॅपिटलमध्ये टाकलेली नावं वर्षानुवर्षं चालून जातात. पोस्टग्रेसच्या स्कीमात नाव लहान अक्षरांतच हवं अशी अटच घातलेली आहे. इन्सर्ट नाकारला जातो. चिडू नका, ती अट तुमच्या बाजूची आहे. नावं लहान अक्षरांत करून भरा.

जिओ आणि लुआ हे साठे नव्हतेच, ते उत्तर जागेवर बनवायचे. तिथून नेण्यासारखा डेटा नाही, नेण्यासारखा विचार आहे. जिओचं काम आता जिओआयपी करतो. त्याचे झोन यामल फायलीत लिहायचे आणि पत्त्यावरून देश ओळखायला मॅक्समाइंडची डेटाफाइल द्यायची. लहान व्यवसायाला याची गरज मला तरी अजून दिसलेली नाही.

बाइंडवाल्यांसाठी

बाइंडमध्येही हेच घडलं आहे. नोंदी डेटाबेसमधून वाचण्यासाठी डीएलझी नावाची सोय होती, आणि तिचे ड्रायव्हर बाइंड बांधतानाच आत घालावे लागत. हे जुन्या तऱ्हेचे ड्रायव्हर ९.१८ मध्ये काढून टाकले. बाहेरून लोड होणारी मॉड्यूल्स उरली आहेत. झोन मेमरीत झटकन चढावा म्हणून असलेला ‘मॅप’ हा फाइल प्रकारही त्याच आवृत्तीत गेला. मॅपवाल्यांचं काम सोपं आहे. जुन्या बाइंडसोबतच्या नेम्ड-कंपाइलझोनने फाइल मजकुराच्या स्वरूपात बदलून घ्या. पण जुन्याच. नवा तिला ओळखत नाही. डीएलझीवाल्यांनी वरचाच एएक्सएफआरचा मार्ग धरावा, आणि तुमच्या ड्रायव्हरमध्ये पूर्ण झोन देण्याची क्वेरी लिहिलेली आहे का ते आधी पाहावं. अनेकांनी ती रिकामी सोडलेली असते.

नवं घर कुठलं

शंभरच्या आत झोन असतील तर एसक्यूलाइट ३ घ्या. एक फाइल, वेगळा डेटाबेस सर्व्हर नाही, बॅकअप सोपा. पण चालत्या फायलीची नुसती कॉपी करू नका, एसक्यूलाइटची डॉट-बॅकअप कमांड वापरा. वेब पॅनलमधून चार-पाच जण बदल करणार असतील तर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी, जो तुमच्या माणसांना येतो तो. एलएमडीबी फार वेगवान आहे, पण त्यात एसक्यूएलने डोकावता येत नाही, आणि आमच्या मुलांना रात्री अकरा वाजता डोकावता यावं असं मला वाटतं. महिन्यातून एकदाही बदल होत नाही असे झोन मी सरळ बाइंड पद्धतीच्या फायलींत ठेवले आहेत. मजकुराची फाइल कुठल्याही मशीनवर उघडते. २०१९ नंतर मला या गोष्टीची फार किंमत वाटते.

पडताळणी आणि बदलीचा दिवस

दोन्ही सर्व्हरकडून एकाच झोनचा एएक्सएफआर घ्या, दोन्ही फायली सॉर्ट करा, डिफ करा. फरक शून्य आला पाहिजे. ‘थोडासाच आहे’ असं म्हणून पुढे जाऊ नका. मला एकदा एकच ओळ वेगळी दिसली होती, ती डीकेआयएमची (मेलवरच्या सहीच्या किल्लीची) टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद निघाली. टीएक्सटीतला एक तुकडा २५५ बाइटांपेक्षा मोठा चालत नाही, म्हणून लांब किल्ली दोन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा दुहेरी अवतरणात लिहावी लागते. कुणीतरी हाताने भरताना मधलं अवतरण गाळलं होतं. मग ‘चेक-ऑल-झोन्स’ चालवा. जुन्या सर्व्हरने इतकी वर्षं पोटात घातलेल्या चुका तिथे एकेक करून बाहेर येतात. सीनेमच्या (टोपणनावाच्या नोंदीच्या) शेजारी दुसरी नोंद ही तर हमखास.

बदलीच्या दोन दिवस आधी टीटीएल (इतरांनी उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो काळ) उतरवा. पूर्वी एक दिवस, म्हणजे ८६४०० सेकंद असेल तर ३०० करा. नव्या मशीनला जुन्याचाच आयपी देता आला तर उत्तम. रजिस्ट्रारकडे काहीच बदलावं लागत नाही. मी हे रविवारी करते. यार्डात सौदे नसतात, पतसंस्था बंद असतात. झोन ‘सेट-काइंड’ने प्रायमरी करा, सीरियल एकाने वाढवा, जुन्याची केबल काढा, नव्याला पत्ता द्या. बाहेरून, म्हणजे मोबाइलच्या नेटवरून, पाच-सहा नावं विचारून बघा. त्यात एक मुद्दाम अस्तित्वात नसलेलं नाव असू द्या. ‘नाही’ हे उत्तरही नीट यायला हवं.

सेकंडरी सांगलीबाहेर ठेवा. दुय्यम सर्व्हर वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या जोडणीवर असावेत असं १९९७ च्या आरएफसी २१८२ या इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे. माझे दोन्ही सर्व्हर तेव्हा एकाच इमारतीत होते. आता एक पुण्यात आहे, दुसरा सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर.

जुनं मशीन लगेच पुसू नका. वेगळा पत्ता देऊन आठवडाभर चालू ठेवा, आणि कुणी अजून तिथे प्रश्न विचारतंय का ते लॉगमध्ये बघा. माझ्याकडे एका कारखान्याचा हजेरीचा यंत्रसंच नवव्या दिवशीही जुन्याकडेच विचारत होता. तिथल्या सुपरवायझरांना फोन केला, ते म्हणाले, “मॅडम, त्याच्यात पत्ता कुणी भरला तेच माहीत नाही.” दुपारी जाऊन बदलून आले. संध्याकाळी लॉग रिकामा होता, मग मशीन बंद केलं, त्याची डिस्क काढून डब्यात ठेवली आणि डब्यावर तारीख, बॅकएंडचं नाव आणि आवृत्ती लिहिली.